बीजाणू जागा होतो तेव्हा

एका वाचक भगिनीने पत्रातून विचारलेला प्रश्न साधा आहे आणि तो प्रत्येक घरात कधी ना कधी निघतोच. दुपारच्या दावतीची बिर्याणी उरते. डेग झाकून ओट्यावर तशीच राहते. रात्री सूनबाई म्हणते, "आता नको, टाकून देऊ." सासूबाई म्हणतात, "एवढी उकळून, दम देऊन शिजवलेली, जंतू राहिलेत कुठे तिच्यात? पुन्हा चांगली गरम केली की झालं." भगिनी विचारतात, दोघींत बरोबर कोण?

बरोबर सूनबाई आहे. पण सासूबाईंच्या म्हणण्यातही अर्धे सत्य आहे आणि ते अर्धे सत्यच फसवते. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. मात्र तांदळाबरोबर शेतातल्या मातीतून 'बॅसिलस सिरियस' नावाचा एक जीवाणू घरात येतो. तो बहुधा जागा नसतो. तो बीजाणूच्या रूपात झोपलेला असतो आणि झोपलेल्याला भाताची उकळी मारू शकत नाही. उलट त्या उष्णतेने त्याची झोप चाळवते. बाकीचे जंतू मेलेले, ओलावा भरपूर, पिष्ट भरपूर, डेगच्या पोटात तासन् तास कोमट ऊब. जागे होण्याला याहून चांगली जागा कोणती? जागा झालेला जीवाणू वाढतो आणि भातात एक विष सोडतो. ते विष असे चिवट की पुन्हा गरम करण्याने जीवाणू मेला तरी विष जात नाही. खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी उपाहारगृहांतल्या फ्राइड राइसने लोक आजारी पडू लागले, तेव्हा हा प्रकार नीट ध्यानात आला. भात आदल्या दिवशी शिजवून बाहेर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचा, अशी तिथली पद्धत होती.

म्हणून बिर्याणी वाया घालवायची नसेल तर वेळ पाळावी. जेवणे उरकली की एक-दोन तासांच्या आत उरलेला भात परातीत पातळ पसरावा, वाफ गेली की लहान लहान डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावा. भरलेली डेग अख्खी फ्रीजमध्ये कोंबून उपयोग नाही, तिच्या मधला भाग कितीतरी तास कोमटच राहतो. नातेवाइकांकडे डबे पाठवायचे तर ते दुपारीच पाठवावेत, मगरिबनंतर नव्हे.

प्रश्नाचे उत्तर एवढेच. पण मला या प्रश्नाच्या पोटातला दुसरा प्रश्न जास्त ओढ लावतो. झोपलेल्या बीजाणूला कळते कसे, की आता उठायचे? त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, त्याचा श्वास चालत नाही. त्याच्या आत जवळजवळ काहीच घडत नसते. तरी अन्न समोर आले की तो काही मिनिटांत उठतो. हे उठणे माणसाने प्रत्यक्ष पाहिले ते सूक्ष्मदर्शकाने, आणि गेल्या काही वर्षांत इतक्या जवळून पाहिले की जुन्या समजुती बदलल्या.

आधी बीजाणू म्हणजे काय ते पाहू. बुरशीचेही बीजाणू असतात, पण ते वंश पसरवण्यासाठी. जीवाणूचा बीजाणू हा वंशवाढीचा मार्ग नाही. एका जीवाणूपासून एकच बीजाणू होतो. तो आसरा आहे. अन्न संपत आले की जीवाणू आपल्याच शरीरात एका टोकाला पडदा घालतो. मोठा भाग लहान भागाला गिळून पोटात घेतो आणि त्याच्याभोवती थरावर थर चढवतो. शास्त्रज्ञ या मोठ्या भागाला मातृपेशी म्हणतात, आणि नाव सार्थ आहे, कारण सात-आठ तासांत काम पुरे झाले की ती फुटून मरते आणि आतला बीजाणू मोकळा होतो. त्याची लांबी एक मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

त्याच्या गाभ्यात आनुवंशिक द्रव्य असते आणि पाणी फार कमी. पाण्याची जागा घेतलेली असते कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांच्या जोडीने. बीजाणूच्या कोरड्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा याच पदार्थाचा असतो. गाभ्याभोवती पातळ पटल, त्याभोवती साखर आणि अमिनो आम्लांच्या धाग्यांनी विणलेली जाड साल, आणि सर्वांत बाहेर प्रथिनांचे अनेकपदरी कवच. या बांधणीमुळे तो उकळी, ऊन, वाळवण, अल्कोहोल सारे सोसतो. किती काळ सोसतो? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिशांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर अँथ्रॅक्सच्या बीजाणूंचा स्फोट घडवून मेंढ्यांवर प्रयोग केले. त्यानंतर ते बेट जवळजवळ अर्धे शतक माणसांना बंद राहिले. १९८६ साली समुद्राच्या पाण्यात फॉर्माल्डिहाइड मिसळून सारी जमीन भिजवावी लागली, तेव्हा कुठे १९९० साली ते निर्धोक जाहीर झाले.

बीजाणू पहिल्यांदा नीट पाहिला गेला तो १८७६ साली. दोन माणसे, दोन ठिकाणी. ब्रेस्लाऊ विद्यापीठात फर्डिनांड कोन वाळल्या गवतातल्या जीवाणूचा अभ्यास करत होते आणि उकळूनही त्यातले काही का टिकते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी वोल्श्टाइन या लहान गावातला सरकारी डॉक्टर रॉबर्ट कॉख आपल्या घरच्या प्रयोगशाळेत अँथ्रॅक्सचे जंतू वाढवत होता. कॉखने जनावराच्या डोळ्यातले स्वच्छ पाणी घेतले, त्यात जंतू सोडले आणि काचेखाली तासन् तास पाहत बसला. काड्यांसारखे जंतू लांब झाले, त्यांच्यात मण्यांसारखे चमकते ठिपके दिसू लागले, काड्या विरून गेल्या, मणी राहिले. नवे अन्न दिल्यावर त्या मण्यांतून पुन्हा काड्या निघाल्या. जनावरे वर्षानुवर्षे ज्या कुरणात मरत होती तिथल्या मातीचे कोडे त्या एका थेंबात सुटले. कॉख हे सारे घेऊन ब्रेस्लाऊला गेला आणि कोनला प्रत्यक्ष दाखवले.

कॉखला दिसलेला तो 'चमकता मणी' आजही बीजाणूची मुख्य ओळख आहे. गाभा कोरडा आणि दाट असल्याने प्रकाश त्यातून वेगळ्या रीतीने वळतो. फेज-कॉन्ट्रास्ट नावाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो बल्बासारखा उजळ दिसतो. जागा होऊ लागला की पाणी आत शिरते आणि हा उजेड एक-दोन मिनिटांत मालवतो. उजळ मणी काळा पडला म्हणजे बीजाणू उठला, इतकी सोपी खूण. गंमत अशी की माणसाच्या घरात जाग आली की दिवा लागतो, इथे जाग आली की दिवा विझतो.

पण ही खूण बाहेरची. कवचाचे काय होते, ते कुठून उघडते, हे साध्या प्रकाशात दिसत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील वेगळा करता येत नाही. आपल्या केसाची जाडी साधारण ८०,००० नॅनोमीटर धरली तर २०० म्हणजे फार बारीक झाले, पण बीजाणूच्या कवचाची वीण त्याहून कितीतरी बारीक आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक ती वीण दाखवतो, मात्र नेहमीच्या पद्धतीत त्यासाठी नमुना मारून, सुकवून किंवा कापून निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. मेलेल्याला उठताना कसे पाहणार?

इथे कामास आला तो अणुबल सूक्ष्मदर्शक. १९८६ साली गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी तो पुढे आणला. तो पाहतच नाही, तो चाचपतो. दृष्टिहीन माणूस ब्रेल लिपीवरून बोट फिरवून वाचतो, तशी एक अतिसूक्ष्म सुई वस्तूच्या पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरते. सुई एका लवचीक पट्टीला जोडलेली असते. पट्टी किती वाकली ते तिच्यावरून परतणारा लेझर किरण सांगतो आणि संगणक त्या चढउतारांचा नकाशा काढतो. सर्वांत मोठी सोय म्हणजे हे सारे पाण्यात चालते. बीजाणू जिवंत राहतो, त्याच्यावर अन्नाचे द्रावण सोडता येते आणि तोच एक बीजाणू पुन्हा पुन्हा चाचपता येतो.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत अलेक्झांडर मालकिन, मार्को प्लॉम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठवले गेले होते आणि त्यात पाच माणसे दगावली होती. त्यानंतर बीजाणूंच्या अभ्यासाला तिथे वेगळेच महत्त्व आले होते. या गटाने मात्र अँथ्रॅक्सचा नव्हे, त्याचा निरुपद्रवी भाऊबंद 'बॅसिलस अॅट्रोफियस' घेतला आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांना दिसले ते असे. कवचाचा सर्वांत बाहेरचा थर बारीक काड्यांचा असतो, एकमेकींना लागून समांतर रचलेल्या, चटईसारख्या. अन्नाचे द्रावण मिळाल्यावर या चटईत आधी दोन-तीन नॅनोमीटर रुंदीचे खळगे पडतात. मग खळगे जोडले जाऊन भेगा होतात आणि प्रत्येक वेळी त्या भेगा काड्यांच्या दिशेला आडव्या जातात. चटई उभी फाटत नाही, आडवी कापली जाते. म्हणजे काड्या नुसत्या सुट्या होऊन बाजूला होत नाहीत, त्या जागोजागी तुटतात. एखादे विकर, म्हणजे जैविक कात्री, ठरावीक जागी चालत असावे, असा याचा सरळ अर्थ निघतो. पुढे कवचात सत्तर नॅनोमीटरपर्यंत खोल छिद्रे दिसू लागतात, ती रुंदावतात आणि त्यांतून नवा जीवाणू बाहेर येतो. बाहेर येणाऱ्याची भिंतसुद्धा त्यांना चाचपता आली. ती सलग पत्र्यासारखी नसून धाग्यांच्या सच्छिद्र जाळीसारखी आहे.

मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे की कवच फुटते ते आतून ढकलून नव्हे. आपण कोंबडीच्या पिलाची कल्पना करतो, आतून चोच मारणाऱ्या. इथे दार ठरलेल्या रीतीने उलगडले जाते. बंद करणाऱ्यानेच ते उघडण्याची सोय बांधताना करून ठेवलेली आहे.

राहिला प्रश्न, दार उघडण्याचा हुकूम कोण देतो? आतल्या पातळ पटलावर काही प्रथिने पहारेकऱ्यासारखी बसलेली असतात. गवतातल्या जीवाणूच्या, म्हणजे 'बॅसिलस सटिलिस'च्या बाबतीत, अॅलॅनिन हे अमिनो आम्ल त्यांच्यापर्यंत पोचले की जाग सुरू होते. तेही डावे अॅलॅनिनच हवे. आरशातल्या प्रतिमेसारखे उजवे अॅलॅनिन दिले तर उलट जाग अडते. २०११ साली पहारेकरी प्रथिनांना चमकणारे रंग जोडून पाहिले तेव्हा कळले की ती पटलभर विखुरलेली नसून एकाच ठिकाणी गोळा होऊन बसतात. २०२३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले की या प्रथिनांचे पाच-पाच घटक मिळून एक नळी बनते आणि अन्न लागले की ती उघडून भारित कण बाहेर सोडते. पाठोपाठ कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल बाहेर पडते, पाणी आत शिरते, विकरे जाड साल खाऊ लागतात, गाभा फुगतो. दिवा विझतो तो याच वेळी.

त्याच्या एक वर्ष आधी, २०२२ साली, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गुरोल सुएल यांच्या गटाने आणखी एक गोष्ट पाहिली. त्यांनी बीजाणूंना अन्नाचा क्षणभरच वास दिला, उठण्यास अपुरा. बीजाणू उठले नाहीत. पण ते अगदी निर्विकारही राहिले नाहीत. प्रत्येक क्षणिक अन्नाबरोबर त्यांच्यातून साठवलेले थोडे पोटॅशियम बाहेर पडले. मुले गल्ल्यात नाणी साठवतात त्याच्या उलट, इथे भरलेल्या गल्ल्यातून एकेक नाणे निघत जाते. गल्ला ठरावीक पातळीखाली आला की बीजाणू उठतो. याचा अर्थ झोपेतही तो मोजणी ठेवतो. एकदा अन्नाचा भास झाला म्हणून उठत नाही, पण तो भास विसरतही नाही. श्वास नाही, हालचाल नाही, तरी हिशेब चालू. यासाठी त्याला नवी ऊर्जाही खर्चावी लागत नाही, साठवण झोपण्याआधीच करून ठेवलेली असते.

उठलेला जीवाणू पुन्हा लगेच झोपू शकत नाही. कवच गेले, पाणी आले, आता साध्या उष्णतेनेही तो मरतो. हे दुबळेपण जॉन टिंडल यांनी १८७७ सालीच हेरले होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे उकळलेले काढे पुन्हा पुन्हा नासू लागले. इमारतीत जुन्या गवताचा भारा आणला गेला होता आणि त्याचे बीजाणू सगळीकडे पसरले होते. टिंडल यांनी एकदाच खूप वेळ उकळण्याऐवजी लागोपाठ काही दिवस थोडे थोडे उकळून पाहिले. पहिल्या उकळीने जागे असलेले मेले. मधल्या वेळात झोपलेले उठले, दुसऱ्या उकळीत ते मेले. आपल्या आया दूध सकाळ-संध्याकाळ उकळतात त्यात नकळत हीच रीत आहे. मात्र भाताला ती लावू नये, कारण मधल्या वेळात सुटलेले विष तसेच राहते. आज 'आधी जागे करा, मग मारा' हाच विचार रुग्णालये आणि अन्नकारखाने यांच्यासाठी पुन्हा अभ्यासला जातो आहे. अन्यथा बीजाणू मारायला ऑटोक्लेव्हमधली १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ लागते, आणि ती प्रत्येक गोष्टीला देता येत नाही.

रुग्णालयाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अँटिबायोटिक औषधे बरेच दिवस घेतलेल्या रुग्णाला कधीकधी तीव्र जुलाब लागतात, त्यामागे 'क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल' हा जीवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू आपल्या आतड्यातले पित्तक्षार ओळखून उठतात. आतड्यातले उपकारक जंतू औषधाने मेलेले असले की त्याला रान मोकळे मिळते. अशा रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी हाताला नुसते सॅनिटायझर लावून भागत नाही. अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण आणि वाहते पाणी त्यांना धुऊन तरी नेतात.

दुसरी गोष्ट नवजात बाळांची. बाळाला मध चाटवण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे, सर्व समाजांत आहे. मधात 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम'चे बीजाणू असू शकतात. तुमच्याआमच्या पोटात ते निमूट निघून जातात, कारण तिथे आधीपासून दुसऱ्या जंतूंची वस्ती असते. बाळाच्या कोवळ्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. बीजाणू तिथे उठतो, वाढतो आणि त्याच्या विषाने बाळाचे स्नायू ढिले पडतात. बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, दूध ओढता न येणे, मान न सावरणे ही त्याची लक्षणे. अशी लक्षणे दिसली तर क्षणभरही न थांबता डॉक्टर गाठावा. हा आजार १९७६ साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला. एक वर्ष पुरे होईपर्यंत बाळाला मधाचे बोटही लावू नये. तहनीकसाठी मध हवाच असे कुणी म्हणाले तर दादीजानला सांगता येईल की हदीसमध्ये उल्लेख खजुराचा आहे. आणि तेही बाळाच्या डॉक्टरांना विचारून. उकळून घेतलेला मध चालेल का, असे कुणी विचारेल. वर भाताचे वाचलेत, तेच उत्तर.

शेवटी एक गोष्ट, जी या संशोधकांनाही अजून छळते आहे. एकाच जीवाणूच्या वाढीतून, एकाच दिवशी, एकाच बशीत तयार झालेले हजारो बीजाणू घ्या. सर्वांना एकाच वेळी, सारखेच अन्न द्या. बहुतेक काही मिनिटांत उठतात. काही तासाभराने. आणि थोडे असे असतात की भरपूर अन्न समोर असूनही उठत नाहीत, कित्येक दिवस झोपून राहतात. त्यांना अतिसुप्त बीजाणू म्हणतात. त्यांच्यातले पहारेकरी कमी असतात हे एक कारण सापडले आहे, पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. म्हणूनच आता हजारोंची सरासरी काढण्याऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका बीजाणूवर कॅमेरा लावून बसतात. कॉख बसला होता तसेच, फक्त रात्रीची पाळी आता संगणक करतो.